मागची सीट

श्रीरंग पोवार दह्याचा रिकामा डबा फेकणारा माणूस नव्हता. अमेरिकेतल्या सनीव्हेलच्या त्याच्या अपार्टमेंटमध्ये अशा डब्यांची उतरंड होती, वर्तमानपत्रातली सवलतीची कुपनं कापायला वेगळी कात्री होती, आणि चिप बनवणाऱ्या कंपनीत बारा वर्षं इंजिनियर असूनही तो बायकोच्या, नंदाच्या, छोट्या जपानी गाडीतून तिच्याबरोबरच कामावर जायचा. अशा माणसानं १९८६च्या मार्चमध्ये नऊ वर्षं वापरलेली, आठ सिलिंडरची, लेदरच्या सीटांची लांबलचक गाडी घेतली, तेव्हा ओळखीपाळखीच्यांनी तोंडात बोटं घातली. गाडीच्या कंपनीचं नाव घ्यायचं कारण नाही. पुढे जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता.

गाडी आधी एका डेंटिस्टची होती. त्यानं ती नवी घेतली तेव्हा तेवढ्या पैशात गावाकडे एखादं टुमदार घर आलं असतं. श्रीरंगला मात्र ती छोट्या गाडीच्या भावात मिळाली. पण अशा गाड्यांची एक गंमत असते. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. शिवाय गॅलनमागे जेमतेम अकरा मैल. त्या वर्षी गॅस, म्हणजे तिकडचं पेट्रोल, स्वस्त झाला होता, एवढीच काय ती जमेची बाजू.

"हत्ती स्वस्तात मिळाला हो," नंदा म्हणाली, "पण ऊस कोण पुरवणार?"

श्रीरंग गाडीचं बॉनेट पुसत राहिला. गाडी घेण्याचं कारण त्याच्याकडे होतं, पण ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याचे वडील जगन्नाथ, म्हणजे आबा, इचलकरंजीच्या एका गिरणीमालकाचे ड्रायव्हर होते. तीस वर्षं त्यांनी अशीच एक लांबलचक मोटार चालवली. मालक आले की आबा लगबगीनं जाऊन मागचं दार उघडायचे आणि ते बसेपर्यंत उभे राहायचे. नऊ वर्षांचा श्रीरंग एकदा गुपचूप त्या मागच्या सीटवर जाऊन बसला. आबांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि तो बसला होता ती जागा फडक्यानं दोनदा पुसली. मारलं नाही, पण ते पुसणं पोराच्या काळजात रुतून बसलं. एक दिवस आपल्या बापाला अशाच मोटारीच्या मागच्या सीटवर बसवायचं, असं त्यानं तेव्हाच ठरवलं होतं. आता आबा बहात्तरीला पोचले होते आणि जुलैत पहिल्यांदा अमेरिकेला येणार होते. गाडी त्यांच्यासाठी होती.

आता एवढ्या मोलाची वस्तू आली म्हणजे ती जपायला हवी. चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते, हे आपल्याकडे लहानपणीच अंगी भिनतं. श्रीरंगनं दोन सोलापुरी चादरी जोडून गाडीला अंगरखा शिवला. शनिवारी चादर काढायची, गाडी पुसायची, चादर परत घालायची. चार महिन्यांत गाडी पाच वेळा हलली. न चाललेला मैल म्हणजे वाचलेला मैल, अशी त्याची पक्की समजूत होती.

"देव्हाऱ्यातच ठेवा ना," नंदा म्हणाली, "निदान उदबत्ती तरी ओवाळता येईल."

आबांचं विमान येणार त्या सकाळी श्रीरंगनं चादर काढली, किल्ली फिरवली, आणि गाडीनं एकदा टक् केलं. त्यापुढे काहीच नाही. त्यानं देवांची नावं घेतली, मग देव सोडून बाकीचीही घेतली, पण गाडी ढिम्म. शेवटी नंदाच्या गाडीतून विमानतळ गाठावा लागला. आबा पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन अंग चोरून बसले आणि वाटेत म्हणाले, "गाडी ल्हान हाय, पर जीव चांगला हाय." श्रीरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा कारपोर्टमध्ये, गाडी ठेवायच्या छपराखाली, चादरीचं टोक वर करून उभे होते.

"ही कुणाची?"

"आपलीच, आबा. बंद पडलीय."

"फिरवली कवा होतीस?"

"मे महिन्यात."

"मग काय करतोस हिचं?"

"जपतो," श्रीरंग म्हणाला.

आबा इतके हसले की त्यांना चादरीला धरावं लागलं. "अरं रंगा, एवढं मोठं इंजान, त्याला पळाय पायजे. उभं ऱ्हायलं की रबरं वाळत्यात, ब्रेक धरत्यात, टाकीतलं प्याट्रोल नासतंय. म्हशीला जपायचं म्हणून कुणी धार काढायची सोडतंय व्हय?"

गाडी ओढत गॅरेजात न्यावी लागली. तिथला मेकॅनिक, एक धिप्पाड मेक्सिकन, आबा बोलले तेच सगळं इंग्रजीत बोलला. मग आबा रोज त्याच्याकडे जाऊ लागले. श्रीरंग कामावर जाता जाता त्यांना सोडायचा. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. मेकॅनिकनं इंजिन चालू केलं की आबा डोळे मिटून ऐकायचे आणि एक बोट वर करायचे, म्हणजे एक सिलिंडर नीट चालत नाही. मेकॅनिक आधी हसायचा, मग प्लग काढून बघायचा, मग हसायचं थांबायचा. चौथ्या दिवशी त्यानं आबांच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि आणखी मागितला.

बिल बघून नंदा खुर्चीत बसलीच. "दर वर्षी कायतरी मागंलच ती," आबांनी समजूत घातली, "पर रोज पळाली तर थोडकं मागंल."

रविवारी सगळे फिरायला निघाले. श्रीरंगनं गाडी समोर आणली, उतरला, वळसा घालून आला आणि मागचं दार उघडून उभा राहिला. या क्षणाची त्यानं छत्तीस वर्षं वाट पाहिली होती.

"बसा, आबा."

आबांनी दाराकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि बसले.

दोनशे ऐंशी नंबरचा हायवे डोंगरांच्या कडेकडेनं उत्तरेला जातो. गाडी नुसती तरंगत होती. श्रीरंगचं लक्ष आरशात होतं. आबा रेलून बसलेच नव्हते. सीटच्या काठावर टेकून, मान उंच करून, ते पुढच्या दोन सीटांच्या फटीतून रस्ता शोधत होते. वीसेक मैलांवर ते म्हणाले, "रंगा, बाजूला घे."

श्रीरंगला वाटलं, आता आणखी काय बिघडलं? त्यानं डोंगरातल्या तळ्यापाशी गाडी थांबवली. आबा उतरले, पुढचं उजवं दार उघडून म्हणाले, "सूनबाई, तू जा मागं," आणि नंदाच्या जागेवर बसले. इचलकरंजीत ती जागा ड्रायव्हरची. इथे फक्त समोर स्टिअरिंग नव्हतं.

"आबा, तुम्हाला मागे बसवायचं म्हणून तर ही घेतली," श्रीरंग म्हणाला, आणि मग त्याच्या तोंडून सगळंच निघालं. ती सीट, तो दंड धरणं, ते फडकं.

आबांना आठवायला वेळ लागला. "अरं, तुझी चड्डी चिखलानं भरली हुती," ते म्हणाले. "मग पुसाय नको?"

मागे नंदा फिसकन हसली.

"मागं काय सुख असंल, असं मलाबी वाटायचं," आबा म्हणाले. "आज बसून बघितलं. काय दिसतंय तितनं? तुमची दोन टाळकी. रस्ता न्हाई, इंजानाचा आवाज न्हाई, हाताला काम न्हाई." आता कुठे ते सीटवर आरामात रेलले. "एवढी मोठी मोटार तीस वर्सं पळवली ती म्या. मालक बिचारा मागं डुलक्या काढायचा, आन् वर मलाच पगार द्यायचा."

श्रीरंग हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे वाहू लागले. छत्तीस वर्षं तो ज्या बापाची कीव करत आला होता, तो बाप मजेत होता, आणि हे त्याला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

"चल, आता दाब जरा," आबा म्हणाले.

त्यानं डोळे पुसले, गाडी रस्त्यावर घेतली, आणि आबा सांगतील तिथे, आबा सांगतील तेवढी पळवली.