वाकळीचं दुसरं टोक

वाळलेल्या चादरींच्या ढिगावर सारिका पाठ टेकते आणि टेकल्या टेकल्या तिच्या पापण्या जड होतात. झोपायचं नाहीये तिला. टपातल्या वाकळीत सोडा मुरेपर्यंत फक्त अंग सैल सोडायचंय. परसातल्या फरशीवर दुपारचं ऊन पसरलंय आणि चादरींना त्या उन्हाचा वास आहे.

सकाळपासून तिने दसरा काढलाय. घट बसायच्या आत घरातलं अंथरूण-पांघरूण झाडून सारं धुऊन निघालं पाहिजे, नाहीतर गल्लीतल्या बायका नावं ठेवायला टपलेल्याच असतात. गाद्यांच्या खोळी झाल्या, सोलापुरी चादरी झाल्या, पाणी पिऊन म्हशीएवढं जड झालेलं ब्लँकेटही झालं. शेजारच्या बायडाक्काने दुसऱ्या टोकाला उभं राहून एकेक पिळून दिलं आणि ती जेवायला गेली. ती गेल्यावर सारिकाने दोन्ही परसांमधल्या दाराला आतून कडी घातली, आणि मगच ही वाकळ बाहेर काढली.

वाकळ उज्ज्वलाने शिवलेली. उज्ज्वला म्हणजे हणमंताची पहिली बायको. ती वारली आणि वर्ष सरल्यावर सारिका या घरात आली. येताना माहेरून फुलाफुलांची नवी रजई घेऊन आली. ती रजई अजून कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत आहे, कारण नवरा रोज झोपतो ते या वाकळीतच, पावसाळा असो नाहीतर भर उन्हाळा. धुवायला मागितली की अंगावर येतो. "तिला पाणी लावायचं नाही. उन्हात टाक, झटक, बास." का, ते सांगत नाही. आणि कुणी न सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ लावण्यात सारिकाचा हात धरणारं माणूस अजून जन्माला यायचंय. तिने कधीच ओळखलंय. त्या बाईचा वास राहिलाय त्या चिंध्यांत, आणि हा बाबा तो जपून ठेवतोय.

इतके दिवस तिने चालवून घेतलं. पण आता पाळी चुकलीय. तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. आधी ही वाकळ घरातून जाऊ दे, मग सांगू. आपलं लेकरू मेलेल्या सवतीच्या पांघरुणात निजायचं नाही, एवढं तिने मनाशी घट्ट केलंय.

हणमंताचं पंपाच्या जळक्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. तांब्याची तार आणायला तो सांगलीला गेलाय. म्हणून आज सारिकाने कढत पाणी ओतलं आणि वर धुण्याचा सोडा मुठी मुठीने टाकला. जुन्या सुताला एवढा सोडा सोसत नाही हे तिला माहीत नाही असं नाही. चांगलं माहीत आहे. संध्याकाळी म्हणायचं वाक्यही तिने घोकून ठेवलंय. फाटली ओ धुताना. जुनीच होती.

"किती टाकलास सोडा?"

"थोडाच," सारिका डोळे न उघडता म्हणते. बायडाक्का आली वाटतं जेवून.

"थोडा? हात भाजाय लागलाय माझा."

पण कडी तर आतून आहे. सारिका डोळे उघडते. नळापाशी एक बाई उकिडवी बसलीय, कासोटा खोचलेला, कोपरापर्यंत हात टपात. हिरवी साडी, नवीकोरी, घडीच्या रेघासुद्धा न गेलेली. चेहरा रोज पुसून हार घालायचा तोच. बैठकीतल्या फोटोत ती छातीपर्यंतच आहे, त्यामुळे ती बसलेलीसुद्धा एवढी उंच दिसेल असं सारिकाला कधी वाटलं नव्हतं.

सारिकाचा हात आपसूक पोटाकडे जातो. तसा तो गेलेला तिने बघितला की काय, अशी लगेच दुसरी शंका येते आणि सारिका हात पदराखाली घेते.

"काय पाहिजे अक्का?" ती विचारते. "अविधवा नवमीला तुमच्या नावानं सवाष्ण जेवू घातलीय मी. पुरणाचं केलं होतं. साडी दिली, खण दिला."

"जेवले की. आमटीत मीठ कमी होतं."

"मग आता काय राहिलंय?"

"आता ही राहिलीय," उज्ज्वला म्हणते आणि वाकळीचं एक टोक टपातून वर ओढून सारिकापुढे करते. "धर."

बायडाक्काने सांगून ठेवलंय, गेलेलं माणूस स्वप्नात आलं आणि त्यानं काही दिलं तर खुशाल घ्यावं, पण मागितलं तर जीव गेला तरी द्यायचं नाही. सारिका टोकाकडे बघत राहते. हे देणं आहे का मागणं? निम्मी वाकळ टपात, निम्मी तिच्या हातात. हो म्हणावं तरी फसलो आणि नाही म्हणावं तरी फसलो.

"तुम्हीच धरा की," ती म्हणते.

"दोन्ही टोकं एकटीनं धरून वाकळ पिळती व्हय? काय डोस्कं बिस्कं हाय का न्हाय?"

कुणी अक्कल काढली की सारिकाला राग येतो. ती टोक धरते. धरल्यावर कळतं की पायाखाली फरशी नाही, चिखल आहे, गार, बोटांच्या फटीतून वर येणारा. नळ चालू आहे पण तो नदीत पडतोय. मागच्या दाराची चौकट घाटाच्या पायऱ्यांवर नुसती उभी आहे आणि तिच्यातून देवघरातली समई दिसतेय. समईशेजारी उज्ज्वलाच्या नावाचा चांदीचा टाक असतो, रोज हळद-कुंकू वाहायचा. आत्ता ती जागा रिकामी आहे.

"बघायचं ते बघून झालं असंल तर पीळ आता."

सारिका पिळते. उज्ज्वलाच्या मनगटांवरून तिची नजर हटत नाही. ती जशी फिरवेल तशी ही फिरवते, एवढंसुद्धा इकडेतिकडे नाही. काय नेम, हातातून हिसकली म्हणजे? वाकळ गरागरा फिरते पण पाण्याचा थेंब गळत नाही.

"माझ्याकडं बघून पिळतीयास तू. आरशागत," उज्ज्वला म्हणते. "म्हणून नुसती लोळतीया. माझी राखण करू नको. तुझं टोक तुझ्या हातानं पीळ."

"मी काही राखण करत नाही."

"बरं."

आता सारिका स्वयंपाकघरात उभी आहे. गॅसवर दूध आहे आणि ते वर येत राहतं, उतू जात नाही. वाकळीचं टोक तिच्या हातात, बाकीची खिडकीतून बाहेर गेलेली, बायडाक्काच्या पत्र्यावरून, रस्त्यावरून, थेट हणमंताच्या दुकानापर्यंत. तिथे जळक्या मोटारींच्या मधोमध उज्ज्वला दुसरं टोक धरून उभी आहे. एवढी लांब, पण ती कुजबुजली तरी ऐकू येतंय. ती उजव्या हाताने पीळ देते, सारिका आपल्या उजव्या हाताने देते. वाकळ आवळत जाते, मध्ये आक्रसते आणि पाणी सुटतं. सगळ्या रस्त्यावर काळं पाणी.

"वास घे," उज्ज्वला म्हणते.

सारिका घाबरत घाबरत नाक खाली नेते. डोक्याचं तेल. बिडी. तांब्याची तार जळते तेव्हा येतो तो कडवट दर्प.

"हा तर ह्यांचा वास आहे."

"मग काय माझा? एवढ्या वर्सात एकदा बी पाणी लावलेलं न्हाय. मला तिकडं लाज वाटती. माझ्या हातची वाकळ आन असली कळकट."

"त्यांनीच धुऊ दिली नाही," सारिका म्हणते. "तुमची आठवण म्हणून."

उज्ज्वला हसते. पुन्हा नदी आहे, दोघी गुडघाभर पाण्यात समोरासमोर, आणि वाकळ मधोमध ताणलेली.

"मी कशानं गेले म्हणून सांगितलंय तुला?"

"कावीळ झाली होती म्हणे."

"कावीळ," उज्ज्वला म्हणते. "पोटुशी हुते मी. असाच दसरा काढला हुता, हितंच. ही वाकळ तेवढी राहिली. त्यास्नी म्हटलं, अहो, जरा ह्या टोकाला या. पुलावर त्यांचं मैतर हुतं उभं. तर हे मोठ्यानं म्हणालं, मी काय बाई हाय व्हय वाकळा पिळाय? सगळी हसली. मला बी राग. म्हटलं ऱ्हावा तिथंच. आन उचलली एकटीनं, वली, न पिळलेली. घाटानं वर घिऊन गेले. रात्रीपासनं अंगावर जाय लागलं ते थांबलंच न्हाय."

दुधाचा वास येतो, कुठून ते कळत नाही. मेलेली माणसं खोटं बोलतात का, हे बायडाक्काने सांगितलेलं नाही. सारिका तिच्या तोंडाकडे बघते, एखादी सुरकुती हलते का, डोळा चुकवते का. काही सापडत नाही. तरी ती विचारतेच.

"आणि हे मला आत्ता का सांगताय? ह्यांच्यावरनं माझं मन उडावं म्हणून?"

"बसलंय व्हय तुझं मन?"

"बसलंय म्हणून तर सोडा टाकला!" सारिका ओरडते. ओरडताना तिला रडू फुटतं आणि सवतीसमोर रडावं लागलं याचा अजून राग येतो. "रात्रभर तुमच्यात गुरफटून झोपतात. मी शेजारी असते. मी कोण आहे या घरात? सांगा ना. आणि आता तुम्हाला माझं हेसुद्धा पाहिजे असेल. म्हणून आलाय तुम्ही. मला कळत नाही होय?"

उज्ज्वला तिच्या पदराकडे बघते. चोरून नाही, चांगली उघड बघते.

"गुरफटून न्हाय झोपत," ती म्हणते. "भ्यालाय त्यो. पाणी लागलं की ही जड हुणार, आन जड झाली की कुणीतरी एकटं उचलणार. त्याच्या डोस्क्यात तेवढंच बसलंय. बोलायचं धाडस न्हाय, म्हणून पांघरून पडतोय." मग नजर वर करते. "आन तू कडी लावून बसलीस. बायडीला बी हाक मारली न्हाईस. कोण उचलणार हुतं ही टपातनं?"

हा विचार तिने केलाच नव्हता. वाकळ फाटेल इथपर्यंतचा केला होता. फाटली तरी ओलं ओझं ओलंच राहणार, आणि ते टपातून आपल्यालाच काढावं लागणार, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"फाडायची तर फाड," उज्ज्वला म्हणते. "पन धुतलेली फाड. मळकी फाडू नको."

"हे मागणं आहे," सारिका लगेच म्हणते.

"मागत न्हाय गं बाई. किती संशेव धरशील?" उज्ज्वला आपल्या टोकाचा शेवटचा पीळ देते. पाणी आता नितळ पडतंय. "घे. सोडते मी."

"थांबा, एवढं ओझं मला–"

उज्ज्वला सोडते. सारिका पाय रोवून, दात आवळून वजनाची वाट बघते.

कुणीतरी पुढचं दार उघडतंय. किल्लीचा आवाज.

सारिका चादरींवर उठून बसते. ऊन भिंतीवर चढलंय. टप उपडा घातलेला आहे. धुण्याच्या दगडावर वाकळ पडलीय, घट्ट पिळलेली, दोरखंडासारखी वेटोळं घालून, आणि तिच्याखालून पाण्याची एक बारीक धार मोरीकडे चाललीय. सारिका बायडाक्काकडच्या मधल्या दाराकडे बघते. कडी आतूनच आहे. भिंतीपलीकडून बायडाक्काचं घोरणं ऐकू येतंय. मीच झोपेत पिळली असेल, असं ती स्वतःला सांगून बघते. पण एकटीने पिळायची तर दुसरं टोक कशाला तरी बांधावं लागतं, आणि परसात बांधायला खुंटीसुद्धा नाही. तिच्या दोन्ही तळव्यांना सुरकुत्या पडल्यात.

हणमंत तारेचं भेंडोळं खांद्यावर घेऊन घराच्या मागच्या दारात उभा आहे. तो आधी दगडाकडे बघतो, मग तिच्याकडे. आता हा ओरडणार, म्हणून सारिका तयारीत बसते. तो ओरडत नाही. त्याचं तोंड राखेसारखं झालंय.

"पाणी लावलंस."

"लावलं."

"बायडाक्का होती धरायला?"

"नाही."

"मग कोण? एकटीनं उचललीस?" त्याचा आवाज मध्येच फाटतो. "सारे, खरं सांग. एकटीनं उचललीस का तू?"

घोकलेलं वाक्य तिला आठवतच नाही. ती त्याचं तोंड निरखून बघत राहते. आजवर या माणसाला तिने इतका वेळ कधी बघितलं नव्हतं, आणि जे शोधायला बघत होती ते, पहिलीची ओढ, त्यात नाही. भीती आहे. जुनी, मुरलेली.

"मला दिवस गेलेत," ती म्हणते. "मी उचललेली नाही. उचलणारही नाही. ही तारेवर टाकायचीय अजून."

शेजारच्या गच्चीवर जगतापांची पोरं पतंगाचा मांजा गुंडाळतायत. ती खाली बघतायत. हणमंत त्यांच्याकडे बघतो. सारिका त्याला बघताना बघते. तो खांद्यावरचं भेंडोळं खाली ठेवतो आणि दगडाजवळ जाऊन वाकतो. वाकळ उलगडायला लागतो. टोक सापडत नाही, मग सापडतं. कुठेही फाटलेली नाही. मळाखाली कधी न दिसलेला निळा काठ दिसतो.

"तू नको," तो म्हणतो. "तू बस. मी टाकतो."

सारिका उठते, दुसऱ्या बाजूला जाते आणि लोंबणारं टोक हातात घेते.

"एकट्यानं नाही टाकायची," ती म्हणते, आणि तो सोड म्हणाला तरी सोडत नाही.