मडक्याला टिचकी, सापाचं उत्तर

१२ ऑक्टोबर २००८, रविवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. परभणीच्या बसस्थानकावर मी माझी पिशवी तिसऱ्यांदा उघडून तपासत होतो. टॉर्च, वही, दोन पेनं, कात्री, चिकटपट्टी, चादर. शिवाय घडी घातलेला एक कागद, ज्यावर ‘साप चावल्यास काय करावे’ हे सात मुद्द्यांत लिहून घेतलं होतं. कागद जागेवर होता. मग हिंगोलीच्या गाडीत चढलो.

मी एका छापखान्यात लग्नपत्रिका तपासतो. शाळा नववीत सुटली, पण वेलांटी चुकलेली माझ्या नजरेतून सुटत नाही. उन्हाळ्यात पुसेगावचा एक माणूस पत्रिका न्यायला आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, “आमचे सोपानकाका साप बघत न्हाईत, ऐकतात.” मला लहानपणापासून सापाची इतकी भीती, की अंधारात दोरीवरून पाय टाकत नाही. तरी ते वाक्य चार महिने डोक्यातून गेलं नाही. साप फुसफुसतो, याच्यापलीकडे त्यात ऐकण्यासारखं काय असणार? दसरा झाला, छापखान्याला दोन दिवस सुट्टी मिळाली आणि मी त्या माणसाला फोन करून निघालो.

रस्ता जवळा बाजार, औंढा असा जातो. जवळा बाजारला गाडी दहा मिनिटं थांबते, तिथे चहा घ्या, पण खिडकीतली जागा रुमाल टाकून धरून ठेवा. औंढ्यापर्यंत खड्डे आहेत, पाठदुखी असेल तर मागच्या बाकावर बसू नका. दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चालू होती. जागोजागी कापलेल्या सोयाबीनचे ढीग दिसत होते. माझ्या शेजारचे आजोबा सहज म्हणाले, “त्या ढिगाखाली उंदरं, अन् उंदरामागं साप.” मी पाय वर घेऊन बसलो.

हिंगोलीहून पुसेगावला काळी-पिवळी जीप पंधरा रुपयांत नेते. ती भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून घाईत जाऊ नका.

सोपानकाकांचं घर गावाच्या कडेला आहे. पुढे मेंढरांचा वाडा, मागे लिंबाचं झाड. काका साठीचे, बारीक, डोक्याला पांढरा पटका. सुगीत ढिगाखाली साप निघाला की गावोगावचे लोक त्यांना बोलावतात. ते साप धरून मडक्यात घालतात, तोंडाला जाड कापड बांधतात, वनरक्षकाला कळवतात आणि दोन-तीन दिवसांत सोडून देतात. पैसे घेत नाहीत. साप पाळणं गुन्हा आहे, हे त्यांनीच मला आधी सांगितलं.

लिंबाखाली चार मडकी ओळीने ठेवलेली होती. मातीची, एकसारखी, बाहेरून पाणी शिंपडून ओली केलेली. कापडावर मातीचीच झाकणी. मी दहा पावलं लांब उभा राहिलो.

“ये की, लेकरा. झाकलेलं हाय.”

“नको काका. इथून ऐकू येईल.”

“परभणीहूनच ऐकायचं व्हतं मग,” गयाकाकू दारातून म्हणाल्या. काकू म्हणजे काकांची बायको. बोलण्यात धार, हातात सतत काहीतरी काम.

मी चार पावलं पुढे गेलो. काकांनी पहिल्या मडक्याला नखाने टिचकी मारली. “त्याला आपल्यासारखे कान न्हाईत. पर मातीतून सगळं कळतं त्याला.”

आतून आवाज आला, सायकलच्या ट्यूबमधली हवा कुणी दाबून दाबून सोडावी तसा. तुटक, रागीट. “नाग.” दुसऱ्या मडक्याला दोन टिचक्या माराव्या लागल्या. मग वाळलेल्या शेंगा तळहातात चोळल्यासारखी खरखर झाली. “फुरसं. ह्ये तोंडानं बोलत न्हाई, अंगावर अंग घासतंय.” तिसऱ्यातून जो आवाज सुरू झाला तो थांबेचना. शिट्टी होण्याआधी कुकर जसा सुसाटतो तसा, आणि श्वास आत घेतानाही तितकाच मोठा. झाकणी थरथरत होती. “घोणस. हिच्यापुढं घाई करायची न्हाई.”

चौथ्या मडक्याला काकांचं नख जेमतेम लागलं आणि आतून कुणीतरी हुंकारलं.

मला दुसरा शब्द सापडत नाही. ती फुसफुस नव्हतीच. रिकाम्या घागरीत तोंड घालून एखाद्या जाड आवाजाच्या माणसाने ‘हूं’ म्हणावं आणि ते लांबवावं, तसं होतं. माझ्या तळपायांना ते कळलं. मी केव्हा मडक्याजवळ जाऊन बसलो ते मला आठवत नाही.

“धामण,” काका म्हणाले. “इख न्हाई हिला. पर पहिल्या टिचकीला घुरकल्याबिगर राहत न्हाई.”

मी विचारलं, नाग म्हातारा झाला की कोंबड्यासारखा आरवतो म्हणतात, ते खरं का?

“चाळीस वर्सांत माझ्यापुढं तरी न्हाई आरवला. साप बेडूक धरतो, बेडूक वरडतो, अन् लोक म्हणत्यात साप बोलला.”

जेवायला भाकरी, मिरचीचा ठेचा आणि ओल्या हरभऱ्याच्या सोलाण्याची आमटी नव्हती म्हणून काकूंनी मागितलेली माफी. तेव्हाच काकूंनी खरं दुखणं सांगितलं. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचा माणूस धुक्यातून आल्यासारखा दिसतो. “दवाखान्यात चला म्हणलं की म्हणत्यात, सुगी होऊ द्या. म्या सांगून ठिवलंय, एक चूक दिसली की सगळी मडकी फोडीन. मला कुंकू लावायचंय अजून.”

काका भाकरी मोडत राहिले. म्हणाले, “धरायचं सोडलं, तर लोक काठ्या घेत्यात. एक धामण मारली की ढिगात किती उंदरं वाढत्यात, ते कोण मोजणार?”

मला वाटलं, इथे माझा उपयोग आहे. ऊन उतरल्यावर मी वहीचे कागद कापले, सुवाच्य अक्षरात लिहिलं: नाग, फुरसे, घोणस, धामण. मडकी ओली, त्यांवर चिकटपट्टी धरेना. म्हणून चिठ्ठ्या कोरड्या झाकण्यांवर लावल्या. ‘घोणस’मधला ण नीट आला नव्हता, तो कागद बदलला.

“मला कुठं वाचता येतंय?” काका म्हणाले.

“मी वाचतो ना. उद्या सोडताना चुकायला नको.”

“ऐका जरा त्याचं,” काकू म्हणाल्या.

काका हसले. “बरं. उद्या टिचक्या नगं. त्यांनाबी तकलीफच व्हती.”

रात्री मी बाजेवर झोपलो, पाय चादरीत गुंडाळून.

सोमवारी सकाळी बऱ्यापैकी गारवा होता. दव पडलं होतं. वनरक्षकाला निरोप आदल्या दिवशीच गेला होता. पद्धत अशी, की धामण आधी, हातानेच, जवळच्या बांधावर सोडायची. विषारी साप नंतर, काठीच्या आकड्याने, लांब गायरानात.

“धामण आण,” काका म्हणाले. मी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि मडकं दोन्ही हातांनी उचलून बांधावर नेलं. ते अगदी शांत होतं. मला माझाच अभिमान वाटला.

काकांनी झाकणी काढली. कापडाच्या दोरीची गाठ सैल करायला घेतली. एक पदर सुटला. आणि तेवढ्यात, निव्वळ सवयीने, त्यांच्या दुसऱ्या हाताचं नख मडक्याला लागलं.

आतून काहीच आलं नाही.

काकांचा हात थांबला. परत एक टिचकी. काही नाही.

“मागं सर.”

“काका, चिठ्ठीवर...”

“मागं सर म्हणलं न्हवं! धामण अशी गप बसत न्हाई.”

त्यांनी गाठ पुन्हा आवळली, कापडाजवळ वाकले आणि आत ऊन श्वास सोडला. एकदा, दोनदा. मग गारठ्याने आखडलेली घोणस जागी झाली आणि कुकरचा तो लांब आवाज सुरू झाला. काकांच्या उघड्या तळहातात आणि तिच्यात एका कापडाचं अंतर होतं.

काकू मागूनच येत होत्या. त्यांनी आवाज ओळखला. “झालं! घोणस धामण म्हणून सोडायला निघाले. मीच येडी, काल नुसतं बोलून गप बसले. आज मडकी फुटलीच समजा.” त्यांनी बांधावरचा दगड उचलला.

काकांना स्वतःवरच शंका आली होती, हे चेहऱ्यावर दिसत होतं. मी लगेच बोललो नाही. तो वेळ थोडाच असेल, पण मी गप्प होतो हे इथे लिहायला हवं.

मग म्हणालो, “काकू, चूक माझी आहे. काकांनी डोळ्यांनी काही निवडलंच नाही. मी वाचून दिलं.”

“तुला वाचता येत न्हाई व्हय?”

“येतं. चिठ्ठी कशी चुकली तेच कळत नाही.”

काकूंनी काढून ठेवलेल्या झाकणीकडे पाहिलं. तिच्यावर ताजं हळदीकुंकू होतं. साप सोडायच्या दिवशी त्या पहाटे चारही झाकण्या उतरवून पुसतात, हळदीकुंकू लावतात आणि परत ठेवतात. नेहमीची रीत. झाकणी कुठल्याही मडक्यावर बसते, त्यामुळे कुठली कुठे, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आणि मी नाव मडक्याला न देता झाकणीला दिलं होतं.

दगड त्यांच्या हातातच राहिला. “चला घरी,” त्या म्हणाल्या. “मडक्यासकट.”

लिंबाखाली त्यांनी काकांना पाठ करून बसवलं. झाकण्या काढल्या. मला चारही मडक्यांच्या जागा बदलायला लावल्या. एकेक मडकं अंगापासून लांब धरून मी त्या बदलल्या. मग आजवर झाकण्यांपलीकडे मडक्यांना हात न लावलेल्या काकूंनी स्वतः टिचकी मारली.

“नाग,” काका म्हणाले.

पुढची. लांब सुसाट. “ही सकाळचीच.”

पुढची टिचकी. शांतता. “अजून एक मार,” काका म्हणाले. खरखर आली. “फुरसं. दोन लागत्यात त्याला.”

काकूंनी माझ्याकडे पाहून तोंडावर बोट ठेवलं आणि हळूच उठून दाराशी गेल्या. तिथल्या घागरीला टिचकी मारली.

काका पाठमोरेच हसले. “ही तुझी पाण्याची घागर. निम्मी हाय, भरून घे.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला ठरवता आलं नाही. परत येऊन त्यांनी शेवटच्या मडक्याला नख लावलं आणि धामण हुंकारली. कुणीच नाव सांगितलं नाही.

पदर नीट करून काकू म्हणाल्या, “मडकी राहू द्या. पर दिवाळी झाली की डोळे दाखवायचे.”

“दिसाया लागलं तर कान आळशी व्हतील.”

“म्या हाय टिचक्या मारून परीक्षा घ्यायला.”

धामण बांधावर सोडली. ती आधी हलली नाही, मग एकदम सगळीच निघून गेली. बाकीचे तिघे दुपारी गायरानात, वनरक्षकासमोर. मी लांबून पाहिलं, पण पाहिलं.

जाणाऱ्यांसाठी: दोन्ही दिवसांचा माझा खर्च दोनशेच्या आत झाला. परतीची शेवटची जीप पाचला, त्यानंतर हिंगोलीला जायची सोय नाही. आणि मडक्यांना स्वतः हात लावू नका.

घरी पोहोचल्यावर पिशवी रिकामी केली. सात मुद्द्यांचा कागद तसाच होता. त्याच्यासोबत चार चिठ्ठ्या निघाल्या, हळदीकुंकवाचे डाग पडलेल्या. एकाही अक्षराची चूक नव्हती.

मोरीत रिकामी घागर होती. मी तिच्यात तोंड घालून ‘हूं’ म्हणून पाहिलं. जमलं नाही. आवाज खाली नेला, पुन्हा पाहिलं.

“काय करून राहिलास रे?” आईने चुलीपासून विचारलं.

“आई, घागरीला एक टिचकी मार,” मी म्हणालो, आणि डोळे मिटले.