नवसाचा घास

युक्रेनमध्ये मी डॉक्टर व्हायला गेले आणि युद्ध सुरू झाल्यावर आठ दिवस वसतिगृहाच्या तळघरात स्वयंपाकीण झाले. आम्ही सहा मुली, एक पातेलं आणि मी घरून नेलेली मूगडाळ. वर बॉम्ब पडत होते. ते जात विचारत नव्हते, एवढा एकच गुण त्यांच्यात होता. माझी खास मैत्रीण, शेंदूरजनाघाटच्या संत्रावाल्यांची लेक, माझ्याच ताटात जेवायची. तिथंच आमचं ठरलं: जिवंत सुटलो तर अमरावतीत दोघींनी खोली घ्यायची आणि तिथून अभ्यास पुरा करायचा. मला ती खोली हवीच होती. अकोल्याला आमच्या दोन खोल्यांत सात माणसं आहेत.

इकडे तिची आई गावच्या देवीला नवस बोलली होती: पोरगी सुखरूप आली, तर जिनं तिला जेवू घातलं तिला माझ्या हातानं घास भरवीन. बिचारीची चूक एवढीच, की नवस आधी बोलली आणि चौकशी मागून केली.

आम्ही परतल्यावर काकूंचा फोन आला. "माय, तुमच्या घरी देव कोनते?"

"देव नाहीत काकू. आमी बौद्ध आहो."



"बरं, बरं. आमच्यात तसं काई नसते," काकू म्हणाल्या. तसं काही नसणाऱ्यांच्यात काय काय असतं, ते मला लहानपणापासून पाठ आहे. पण आता नवस फेडला नाही तर देवी कोपणार, आणि फेडला तर भाऊबंद.

काकूंनी मधला मार्ग काढला आणि मला गावी नवसाच्या जेवणाला बोलावलं. बाकीच्या पाहुण्यांची पंगत घरात, माझी पत्रावळ मागच्या बागेत. "घरात लय गर्मी होऊन राहिली, इथं हवा लागते," त्या म्हणाल्या. घरातल्या कूलरचा आवाज मला झाडाखाली ऐकू येत होता.

घासाची वेळ आली. मी तोंड उघडलं. "हातातच घे, माय," काकू म्हणाल्या आणि पुरणपोळीचा तुकडा त्यांनी वरूनच माझ्या ओंजळीत सोडला. देवीला हे चाललं असावं, तिची काही तक्रार आली नाही. मैत्रीण शेजारीच उभी होती आणि जन्मात संत्रं न पाहिल्यासारखी झाडांकडे बघत होती. मी खोलीवर डोळा ठेवून तो तुकडा गिळला.

आठवड्यानं तिचा फोन आला. "आई म्हनते, खोली लहान पडते. तू समजून घे नं."

मी समजून घेतलं. खोली लहान होती, म्हणून तिथं तिच्या दोन मामेबहिणी राहायला आल्या.

मग ऑनलाइन तास सुरू झाले. आमच्या मॅडम अजून युक्रेनमध्येच, तळघरातून शिकवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कोण कुठं आहे, कुणासोबत आहे. "आम्ही दोघी अमरावतीत एकत्रच आहोत," मैत्रीण म्हणाली. माझ्या मागं आईचा मिक्सर चालू होता.

"मग तू तिच्या खोलीत का दिसत नाहीस?" मॅडमनी मला विचारलं.

"खोलीत जागा नव्हती," मी म्हणाले. डोक्यावर बॉम्ब पडत असताना त्या बाई माझ्यासाठी हळहळल्या. मला संताप आला तो स्वतःचाच. तिची लाज मी झाकत होते आणि ती पडद्यावर, जणू खरंच जागा नव्हती, अशी मान हलवत होती.