मैनाबाईंचा पाय

"हात निंगला काय?" हे मैनाबाईंचं पालुपद. दार लावताना, पेटी खाली ठेवतानासुद्धा त्या विचारायच्या. सावली गावात त्या आमच्या शेजारी राहत. उमर ढेकीवर, म्हणजे पायाने चालवायच्या लाकडी मुसळावर, भात सडण्यात गेली होती. एकीने पायाने ढेकी दाबून मुसळ वर धरायचं, दुसरीने उखळातला भात हाताने वरखाली करायचा. हात बाहेर आल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर मुसळ हातावर. गिरण्या आल्या, ढेकी गेली, पण सवय काही गेली नाही.

मी शाळामास्तर आणि एका जुन्या मोटारीचा नवा मालक. हौस दांडगी, अक्कल बेताची. बायकोचे दिवस भरले होते. बाळ आडवं असल्याने डॉक्टरांनी सकाळीच चंद्रपूरला आणायला सांगितलं होतं. नेमकं आदल्या दिवशी ब्रेकचं पायडल तळाला जाऊ लागलं. ऑइल मी आळसाने संपू दिलं होतं आणि नळीत हवा शिरली होती. मिस्त्री मार्कंड्याच्या जत्रेला गेलेला. हवा आपणच काढू म्हटलं.

मेहुणा पायडलवर बसला, मी चाकाशी. त्याने दाबून धरायचं, मी स्क्रू सैल करून हवा आणि ऑइल बाहेर सोडायचं, स्क्रू आवळला की मगच त्याने पाय उचलायचा. पण गडी उतावळा, दर वेळी आधीच उचलायचा आणि हवा पुन्हा आत. ऑइलचा शेवटचा डबा अर्ध्यावर आला, तेव्हा मला रडू फुटायचंच बाकी होतं.

कुंपणाशी लाखोळीची डाळ निवडत बसलेल्या मैनाबाई उठून आल्या.

"गुरुजी, तुमचा साळा पाय लवकर उचलून राह्यला. मले बसू द्या."

जन्मात मोटारीत न बसलेल्या त्या बाईने लुगडं सावरलं आणि पायडल दाबून धरलं. बुडबुडे आले, मी स्क्रू आवळला, तरी पाय जागेवरच. "हात निंगला काय?" मी हो म्हटल्यावरच त्यांनी उचलला. दिवस मावळायच्या आत चारही चाकं झाली आणि पायडल घट्ट झालं. मी आभार मानू लागलो, तर म्हणाल्या, "मी त नुसती बसून होती."

सकाळी त्यांना सोबत घेतलंच. जंगलातल्या उतारावर गाईंचा कळप आडवा आला. गाडी हातभर अंतरावर थांबली. मागे पाहिलं, तर बायकोचं डोकं मांडीवर घेतलेल्या मैनाबाईंनीही पाय खाली गच्च दाबून धरला होता.

मुलगी झाली, दोघी सुखरूप. मैनाबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गुरुजींनी एकट्याने गाडी चालवत बायकोला नेलं, असं अजूनही कोणी कौतुकाने सांगू लागलं, की मी त्याला मध्येच थांबवतो. म्हणतो, नेलं आम्ही दोघांनी.