सुरेखा मॅडमचं ‘फूट डाउन’

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से एवढे साठतात, की डबा उघडायचाच राहतो! आता आमच्या सुरेखा मॅडमचंच घ्या. केज तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवतात, मी गणित. त्यांचा एकच हट्ट. वाक्प्रचार वहीत लिहायचा नाही, घरी वापरायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन सांगायचं.

दसऱ्याच्या आसपास त्यांनी आठवीला ‘पुट युवर फूट डाउन’ शिकवलं. "म्हणजे आपल्या म्हणण्यावर ठाम राहायचं. ओरडायचं नाही, रडायचं नाही, हटायचं तर मुळीच नाही!"

*

दुसऱ्या दिवशी गणेश तोंड पाडून आला. दोडक्याची भाजी बघून त्यानं ताट बाजूला सारलं होतं. "आय पुट माय फूट डाउन!"

आईनं अर्थ विचारला. यानं सांगितला.

"लई चांगलं हाय की," आई म्हणाली. "मग मी बी फूट डाउन. दुसरं काई करणार न्हाई!"

मॅडमनी पैकीच्या पैकी मार्क दिले. आईला!

*

आमचे हेडसर म्हणजे भिडस्त माणूस. गावात कार्यक्रम असला की पाव्हणे शाळेत उतरवायची आमच्याकडं रीतच. सर बिचारे वर्ग रिकामे करून द्यायचे.

यंदा सतरंज्या घेऊन माणसं आली, तर सर दारात उभे! "वर्ग चालू हाय. पाव्हणे लिंबाखाली बसवा."

माणसं गेली. सर स्टाफरूममध्ये आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचं फूट डाउन बरोबर वापरलं का हो?"

*

आठवीतल्या अश्विनीचे आईबाप दर साल ऊसतोडीला जातात. धाकट्या भावाला सांभाळायला तीही जायची. अर्धं वर्ष बुडायचं. यंदा गेली असती तर शाळा कायमची सुटली असती, हे आम्हाला ठाऊक होतं.

ट्रॅक्टर निघायच्या दिवशी मॅडम आणि मी पळतच गेलो. सामान भरून झालेलं. अश्विनी भावाला कडेवर घेऊन खाली उभी.

"बापू, मी येणार न्हाई."

"आगं, मग लेकराला कोण बघंल? आजीला झेपत न्हाई."

"त्यो बी येणार न्हाई. मी बघते."

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. बापानं ट्रॅक्टरवर चढून लेकरांचं गाठोडं खाली दिलं. माझेच डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू!

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या पहिल्या तासाला अश्विनी जागेवर हजर. शेजारी तीन वर्षांचा भाऊ. बाकावरून त्याचे डोळेच तेवढे दिसत होते.

तेवढ्यात हेडसर आले. "हे कोण? लहान लेकरं वर्गात चालत न्हाईत. नियम हाय."

अश्विनी उभी राहिली. "सर, त्यो गेला तर मी बी जाते."

मॅडमनी खडू खाली ठेवला.

हेडसर निघून गेले. थोड्या वेळानं परत आले, आपल्या खुर्चीवरची उशी त्या पोराखाली सरकवली आणि म्हणाले, "हां मॅडम, चालू द्या."