आत्याच्या टाचेवरची रेशमाची पट्टी

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, देवासच्या आमच्या घरात, बाहेरच्या खोलीत. करणारे आम्हीच, घरचे. मीही.

तिच्या टाचेची जखम चार महिने भरत नव्हती. शुगर होतीच. अशीच चिघळली तर पाऊल वाचवणं कठीण, असं डॉक्टरांनी मला आणि वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. रेशीमकिड्याच्या कोशातून काढलेल्या प्रथिनाची एक पट्टी त्यांनी सुचवली. नवी कातडी धरायला तिची मदत होऊ शकते. पण शुगर आटोक्यात हवी, जखम स्वच्छ हवी, आणि हमी नाही.

आत्या आत पूजेला बसलेली. वडील म्हणाले, "सोवळ्यातल्या बाईला किड्याचं औषध? तिला सांगूच नका. नको म्हणून कळवून टाका." सगळ्यांनी माना हलवल्या. 'पेशंटला विचारल्याशिवाय निर्णय नाही' अशी पत्रकं धार जिल्हाभर वाटणारा मी चहा पीत बसलो.

दुसऱ्या दिवशी सरदारपूरच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं पत्रक वाचलं आणि विचारलं, "भिया, अपने घर में पूछते हो, कि बस पर्चे बाँटते हो?"

संध्याकाळी घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. पाऊल जाऊ शकतं, हेही.

"किडा कसला?"

"रेशमाचा."

तिनं दोरीवर वाळणाऱ्या रेशमी सोवळ्याकडे बोट केलं. "मग तीस वर्षं मी हे काय नेसतेय, गाढवा? देवाला चालतं आणि टाचेला चालत नाही?" मग म्हणाली, "कोश उकळताना किडा मरतो, ठाऊक आहे मला. त्याचं काय ते माझं मी बघेन. पाय माझा आहे. दादाला सांग, पुढच्या वेळी माझीही खुर्ची मांडा म्हणावं."

तिचा निरोप मी वडिलांना जसाच्या तसा सांगितला. पट्टी लावायला दवाखान्यात तिला तेच घेऊन गेले.

बोराएवढी जखम आता हरभऱ्याएवढी उरलीय, कडा गुलाबी. पट्टीमुळे, की तिनं पोह्यांबरोबरची जिलबी सोडली म्हणून? डॉक्टर ठाम सांगत नाहीत, मीही सांगणार नाही. आत्या मात्र परवा देवळाच्या पायऱ्या कुणाचा हात न धरता चढली.

तुमच्या घरात न भरणारी जखम असेल तर तिच्यावर परस्पर बैठका घेऊ नका. डॉक्टर जे बोलले ते सगळं, ज्याची जखम आहे त्याला आजच्या आज सांगा. आणि त्याचं उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवा.