आईच्या खोलीतला मुका स्पीकर

इथले भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षं वाचतोय आणि लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्याच दिल्यात. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि ज्यांचा असतो त्यांच्याशी मी फार बोलतही नाही. तरी लिहितोय... कारण घडलं ते भर दुपारी, लख्ख उन्हात, आणि सोबत एक साक्षीदार होता. खोटं वाटलं तर पुढं वाचू नका.

मी नांदेडला असतो. पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, कुणाचा एक रुपया न घेता उभं केलेलं. त्याआधी लातूरला वडिलांच्या दुकानात थोरल्या भावासोबत, म्हणजे दादासोबत, होतो. वडिलांनी आम्हा दोघांना एक गोष्ट पक्की शिकवली होती. भाव न पटून गिऱ्हाईक पायरी उतरलं, की दोन पावलं जाऊ द्यायचं आणि तिसऱ्याला हाक मारायची. आधी मारली तर आपला भाव पडतो, उशिरा मारली तर गिऱ्हाईक जातं.

अकरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाशी माझी घासाघीस चालली होती. दादा मध्येच पडला, गिऱ्हाईक म्हणेल त्या भावात मोटार देऊन टाकली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ह्याचं मनावर घेऊ नका, येडं हाय ते."

मी उठलो आणि पायरी उतरलो. मुद्दाम सावकाश चाललो. एक... दोन... तीन. हाक आली नाही. कोपऱ्यापर्यंत मान वळवली नाही. तिथून स्टँड आणि स्टँडवरून नांदेडची बस. कुठल्याही येऱ्यागबाळ्या गिऱ्हाइकाला जी हाक मिळते, ती सख्ख्या भावाला मिळाली नाही. हे मी विसरलेलो नाही.

यंदा माझं घर बांधून झालं. वास्तुशांतीला आई यावी, एवढंच मला हवं होतं. तिच्यासाठी खालची, अंगणाकडची खोली काढली. पण आई लातूरला, दादाकडं. फोनवर म्हणाली, "दादाला तू सोता बोलाव, मग येते. न्हाईतर न्हाई." मी फोन आपटला.

आईला सकाळी भजन लागतं. म्हणून पाचही खोल्यांच्या छतात स्पीकर बसवायचे ठरवले, एका मोबाइलवरून सगळीकडं एकच आवाज. काम युनूसभाईंना दिलं. जुन्या नांदेडातले, लाउडस्पीकरच्या धंद्यात केस पांढरे झालेले. भाव पटेना, म्हणून मी त्यांच्या दुकानातून उठून निघालो. बरोबर तिसऱ्या पावलाला हाक आली, "या शेठ, माघारी या! तोंडापेक्षा तुमची पाठच लई बोलून राहिली!"

फिटिंगच्या दिवशी पहिला घोळ म्हणजे आवाज मागं-पुढं. हॉलमध्ये ओळ संपायची आणि किचनमध्ये तीच ओळ नंतर यायची, विहिरीत ओरडल्यासारखी.

"डिले हाय शेठ," युनूसभाई म्हणाले. "आवाज निघतो एकदम, पन कुठं लवकर पोचतो, कुठं उशिरा. आत्ता ठीक करतो."

मोबाइलवर आकडे खालीवर करत त्यांनी दुपारपर्यंत चार खोल्या जुळवल्या. पाचवी मुकी. नेमकी आईची. वायर बदलली, स्पीकर बदलला, जिन्याखालच्या अॅम्प्लिफायरमधली पिनही बदलली. तीच पिन हॉलला लावली की वाजते, आईच्या खोलीला लावली की गप्प. अडीच वाजता माझं डोकं फिरलं.

"काढा सगळं! उद्या दुसरा माणूस बोलावतो. तीस वर्षं काय भोंगेच बांधले का लिंबाला?"

"काढतो ना. सबुरी नावाची चीज हाय का न्हाई तुमच्याकडं?" असं म्हणत ते स्टुलावर चढले. मी अॅम्प्लिफायरचं बटण बंद केलं आणि रागानं ओट्यावरून उतरून गेटकडं निघालो.

तिसऱ्या पावलाला मागून, आईच्या खोलीतून, आवाज आला. आधी धाड... धाड... धाड... मिरची कांडपाचा. लातूरच्या दुकानाला लागूनच कांडप होतं, तो आवाज मी झोपेतही ओळखीन. आणि त्यातून, दबलेला,

"थांब की रे बापू! ये माघारी!"

एकदा नाही, तीनदा. आवाज दादाचा.

धावत आत गेलो. युनूसभाई स्टुलावर तसेच उभे. छतातून दोन्ही तारा मोकळ्या लोंबत होत्या. स्पीकर त्यांच्या हातात.

"शेठ... ह्याला तार न्हाई."

"मग कोण बोललं? नाटकं करता?"

"म्याच तुम्हाला विचारून राहिलो. बापू कोन हाय?"

नांदेडात मला कुणी बापू म्हणत नाही, ते लातूरच्या घरचं नाव. बायकोनं त्यांना फितवलं असेल म्हणून तिच्यावर धावून गेलो. ती किचनमध्ये होती, तिनं काहीच ऐकलं नव्हतं. "भजन लावून बघायला घेतलेला माझा मोबाइल सकाळपासून तुमच्याच खिशात हाय," ती म्हणाली. "वरडायचं असलं तर लातूरला फोन लावून वरडा."

लावला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"माझ्या घरात तुझा आवाज कसा आला?"

"कोण, बापू? कसला आवाज? काय म्हणला?"

मी सांगितलं नाही. आपला आकडा आधी सांगायचा नसतो. म्हणालो, "ते तू सांग. मी गेलो त्या दिवशी तू काय बोलला होतास?"

दादानं आवाज खाली आणला.

"थांब की रे बापू, ये माघारी, म्हनलो. तिसऱ्या पावलालाच. तीन डाव. पन कांडप चालू होतं... तू वळलाच न्हाईस. मग माझंबी डोकं फिरलं."

मी त्याला खोटारडा म्हणालो. तो मला गाढव म्हणाला. दोघंही भरपूर बोललो. शेवटी मी म्हणालो, "वास्तुशांत आहे. आईला घेऊन ये."

"हे बोलावनं हाय का धमकी?"

"जे समजायचं ते समज."

तो आला. आईला खोली पसंत पडली. दादानं दाराच्या लाकडापासून नळांपर्यंत प्रत्येक गोष्टीला नावं ठेवली आणि आमचं पाहुण्यांदेखत भांडण झालं. 'येडं' म्हटल्याची माफी त्यानं मागितली नाही. मीही ते सोडलेलं नाही.

युनूसभाई म्हणतात, कधीकधी स्पीकरची कॉइल कुठलं तरी रेडिओ स्टेशन पकडते. कुठलं स्टेशन, ते त्यांनाही सांगता येत नाही. आईच्या खोलीतला स्पीकर तारा न जोडताच छतात बसवलाय; तो त्यानंतर एकदाही वाजलेला नाही आणि मी तो बदलूही देत नाही. आई हॉलमधलं भजन दार उघडं ठेवून ऐकते. कॉमेंटमध्ये मला विज्ञान शिकवायचं असेल, तर आधी येऊन त्या दोन तारा बघा.

माझं मात्र एक कायमचं नुकसान झालं. भाव करताना दुकानाबाहेर पडलं की मागं बघायचं नसतं. मी आता बघतो. तिसऱ्या पावलाला मान आपोआप वळते... आणि बाजारातल्या सगळ्या दुकानदारांना ते कळलंय.